एक फुलपाखरू की दहा?

फुलपाखरू म्हणजे पंख, आणि पंखांवरची नक्षी ओळखली की जात कळली, अशी आपली पक्की समजूत असते. अॅस्ट्राप्टेस फुल्गरेटर या स्किपर फुलपाखराने ती पार मोडीत काढली. काळे पंख, त्यांच्या बुडाशी आणि अंगावर झगझगीत निळाई, पुढच्या पंखावर पांढरा पट्टा. 1775 मध्ये त्याचं वर्णन झालं आणि टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत ते एकच, असं सव्वादोनशे वर्षं मानलं गेलं.

कोस्टारिकाच्या वायव्येला, ग्वानाकास्तेच्या जंगलात डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स हे संशोधक पंचवीस वर्षं अळ्या गोळा करून वाढवत होते. अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या, खायची झाडंही वेगळी. बाहेर पडणारं फुलपाखरू मात्र जवळपास सारखंच. अशा वेळी तज्ज्ञ नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिथेही फरक नाही!

मग संग्रहातल्या फुलपाखरांचा डीएनए तपासला. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा. या जनुकात पिढ्यान्‌पिढ्या बारीक बदल साठत जातात. दोन गटांचा आपसात संकर थांबला, की प्रत्येकाचे बदल वेगळे साठतात. अक्षरांची जुळणी केली तेव्हा नमुन्यांचे गट पडले, आणि ते बहुतांशी अळीच्या रंगाशी व झाडाशी जुळले. 2004 मध्ये पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं: या एकाच भागात किमान दहा जाती आहेत.

जात ओळखायला वापरलेल्या अशा तुकड्याला ‘डीएनए बारकोड’ म्हणतात. हा शब्द मग असा गाजला, की आता दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यासारखा कुठलाही कीटक स्कॅन करायचा आणि नाव वाचायचं! एवढं सोपं नाही ते. काही गटांतला फरक जेमतेम दोन-चार अक्षरांचा आहे. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, म्हणजे बापाकडची निम्मी कहाणी त्यात नाहीच. कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू ब्राउअर यांनी 2006 मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासून किमान तीन, फार तर सात गट मान्य केले. मला स्वतःला बारकोडपेक्षा अळ्यांचा पुरावा वजनदार वाटतो.

पुढे जीनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, अभ्यासानंतर प्रजातीही (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) बदलली. आता नाव टेलेगोनस फुल्गरेटर. राहिला प्रश्न त्या टेक्सास-अर्जेंटिना नकाशाचा. तो एका जातीचा नव्हे, अनेक जातींच्या नकाशांची थप्पी आहे. ती सोडवायची तर ठिकठिकाणी अळ्या कुठल्या झाडावर वाढतात हे बघत हिंडावं लागेल.