हिंट कुलपाबाहेर का राहते?

हिंट म्हणजे विसरलेला पासवर्ड आठवावा म्हणून लिहिलेली खूण. फाइल उघडण्याआधी ती दिसायला हवी, म्हणून फाइलसारखी ती त्याच पासवर्डने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करता येत नाही. फाइल ज्याच्या हाती, हिंटही त्याच्या हाती. गोष्ट साधी, पण तिचे परिणाम कळायला बराच काळ गेला.

2001 च्या विंडोज एक्सपीत पासवर्डच्या चौकटीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की हिंट दिसे, संगणकासमोर कोणीही बसलेलं असो.

खरा दणका 2013 मध्ये बसला. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या सुमारे पंधरा कोटी खात्यांची माहिती फुटली. पासवर्ड ट्रिपल डेस या जुन्या कूटपद्धतीने, सगळ्यांसाठी एकच किल्ली वापरून आणि ईसीबी पद्धतीने, म्हणजे सारख्या मजकुराला सारखंच कूटरूप देत, एन्क्रिप्ट केले होते. हिंट मात्र उघड्या. त्यामुळे सारख्या पासवर्डचं रूपही सारखंच दिसे. तुम्ही हिंट कितीही जपून लिहा, तोच पासवर्ड घेतलेल्या दुसऱ्या कोणी ‘एक ते सहा’ लिहिलं असेल तर दोघांचाही उघडा. किल्ली फोडायची गरजच पडली नाही.

जून 2017 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ओळख न पटलेल्याला दिसेल अशी हिंट साठवायला मनाई केली. त्याच वर्षी ॲपलच्या मॅकओएस हाय सिएरा या प्रणालीत एन्क्रिप्टेड एपीएफएस व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा कुलूपबंद भाग, बनवताना हिंट दिली, तर हिंटच्या जागी चक्क पासवर्डच साठवला जाई. ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती आली. पण आधी बनवलेला व्हॉल्यूम बॅकअप घेऊन, पुसून नव्याने करावा लागला.

निस्टचा नियम लॉगिनसाठी. फाइलचं दुखणं वेगळं: चुकीचे प्रयत्न मोजून दार बंद करणारं तिथे कोणी नसतं. ‘मुलीची जन्मतारीख’ ही हिंट शंभर वर्षं धरली तरी 36,525 तारखांवर येते. सेकंदाला शंभरच प्रयत्न केले तरी सहा-सात मिनिटांचं काम. डाइसवेअर या पद्धतीत फासे टाकून 7,776 शब्दांच्या यादीतून शब्द निवडून पासवर्ड बनवतात. अशा सहा शब्दांपैकी एक शब्द, त्याच्या जागेसकट, हिंटमधून कळला, तर चोराचं काम 7,776 पटीने हलकं होतं.

म्हणून हिंटने पासवर्डच्या मजकुराकडे नव्हे, तो लिहून ठेवलेल्या जागेकडे बोट दाखवावं: ‘बँकेच्या लॉकरमधला लिफाफा, क्र. 3’. सेव्हन-झिप किंवा व्हेराक्रिप्ट या फाइल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हिंटची सोय नाही, म्हणून लोक ती फाइलच्या नावात लिहितात. तीही तितकीच उघडी. आणि हिंट व पासवर्ड बदलले तरी पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीत जुनीच हिंट आणि जुनाच पासवर्ड राहतो. ती प्रत शोधून पुसावी लागते.