चौदाव्या गणिताचं उत्तर बरोबर आहे

आमच्या संभाव्यतेच्या सराव संचात ‘चौदावं उत्तर चुकलं’ असे फोन परीक्षेच्या दिवसांत हमखास येतात. काही पालक तर संच बदलून घ्यायला बर्डीवरच्या आमच्या दुकानापर्यंत येतात. निघण्याआधी एवढं वाचा.

गणित असं: 52 पत्त्यांतून एक पत्ता काढला. तो राजा असणं आणि तो एक्का असणं, या घटना स्वतंत्र आहेत का? संचातलं उत्तर ‘नाही’ आहे. बहुतेक मुलं ‘हो’ लिहितात, कारण आकृतीत दोन वर्तुळं एकमेकांपासून लांब असतात. गफलत इथेच होते. पत्ता राजा आहे असं कळलं की तो एक्का असण्याची संभाव्यता 4/52 वरून थेट शून्यावर येते. एकीची बातमी कळताच दुसरीचा हिशेब बदलला, तर त्या स्वतंत्र कशा? त्या परस्पर अपवर्जक आहेत, म्हणजे दोन्ही एकाच वेळी घडू शकत नाहीत. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर अपवर्जक घटना कधीच स्वतंत्र नसतात.

म्हणून आधी सामाईक निष्पत्ती, म्हणजे दोन्ही घटनांत बसणारा निकाल, शोधा. एकही नसेल तर घटना अपवर्जक. सापडली तरी लगेच ‘स्वतंत्र’ लिहू नका, दोन्ही संभाव्यतांचा गुणाकार करा आणि तो दोन्ही घटना एकत्र घडण्याच्या संभाव्यतेशी जुळतो का ते पाहा. राजा आणि बदाम घ्या: 4/52 × 13/52 = 1/52, आणि बदामचा राजा एकच, म्हणजेही 1/52. जुळलं, स्वतंत्र. आता त्याच कॅटमध्ये दोन जोकर घाला. गुणाकार 52/2916, म्हणजे साधारण 1/56, प्रत्यक्षात 1/54. स्वतंत्रता गेली! दोन दशांश स्थळांपर्यंत काढाल तर दोन्हीकडे 0.02 च दिसेल, म्हणून अपूर्णांक शेवटपर्यंत तसेच ठेवा.

संचातल्या संत्र्यांच्या गणितात ‘परत न ठेवता’ हे शब्द मुलांच्या नजरेतून सुटतात. 12 संत्र्यांत 3 सडकी, पहिलं सडकं निघालं, तर दुसरं सडकं निघण्याची संभाव्यता 2/11. परत ठेवलं असतं तर 3/12 च राहिली असती.

संचात पायऱ्या का नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. समोर दिसल्या की मुलं त्या उतरवतात, गुणाकार करतच नाहीत. पायऱ्यांची पुस्तिका वेगळी छापली आहे. संचाचं बिल दाखवलंत की काउंटरवर सवलतीत मिळेल. चौदाव्या गणिताला तिच्यात पूर्ण पान दिलं आहे.