व्यसनाचा रिलॅप्स : प्राण्यांवरील संशोधन

व्यसन सोडलेली व्यक्ती काही काळाने पुन्हा त्याच पदार्थाकडे वळते, तेव्हा रिलॅप्स झाला असे म्हणतात. व्यसनमुक्ती केंद्रांत यालाच ‘स्लिप’ होणे असेही म्हटले जाते. हे कशामुळे घडते आणि ते कसे रोखता येईल, याचा शोध प्रामुख्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांवर घेतला जातो.

या प्रयोगांत उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवलेली असते. त्याने कळ दाबली की अमली पदार्थाची मात्रा मिळते आणि त्याच वेळी दिवा लागतो किंवा आवाज होतो. पुढे कळ दाबूनही काहीच मिळेनासे झाले की दाबणे हळूहळू कमी होते. त्यानंतर त्याच पदार्थाची लहानशी मात्रा, ओळखीचा दिवा किंवा पायांना दिलेला सौम्य विजेचा झटका यांपैकी एकानेही उंदीर पुन्हा कळीकडे धावतो. हॅरिएट डी विट आणि जेन स्टुअर्ट यांनी १९८१ मध्ये कोकेनच्या बाबतीत ही पद्धत मांडली, तर ताणाचा परिणाम १९९५ मध्ये हेरॉइनवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. नागपूरकरांना यातील खुणेचा, म्हणजे दिवा किंवा आवाज यांसारख्या ओळखीच्या संकेताचा, भाग वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी: खर्रा सोडलेल्या माणसाचे पाऊल पानठेल्यासमोर अडखळते, पन्नीत सुपारी-तंबाखू घोटण्याच्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष २००१ चा. कोकेन बंद केल्यानंतर खुणेमुळे जागी होणारी ओढ उंदरांत ओसरत नाही, उलट पहिले दोन महिने वाढतच जाते. उपचार घेऊन घरी परतलेल्या माणसाचे पहिले काही महिने इतके जोखमीचे का असतात, याचे एक कारण इथे दिसते, आणि म्हणूनच केंद्रातून सुटी मिळाली की काम संपले, ही समजूत घातक ठरते.

औषधांच्या बाबतीत मात्र निराशा अधिक आहे. मेंदूतील ताणाशी निगडित सीआरएफ या पेप्टाइडला (प्रथिनासारख्या लहान रेणूला) अडवणारी द्रव्ये उंदरांतील ताणजन्य रिलॅप्स रोखतात, पण दारूच्या व्यसनींवरील चाचण्यांत त्यांतून अपेक्षित गुण आला नाही. याउलट ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनला आवर घालणाऱ्या क्लोनिडीनचा उंदरांत दिसलेला फायदा, ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय व्यसनावरील औषधावर असलेल्या रुग्णांच्या २०१५ मधील चाचणीतही काही प्रमाणात आढळला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात न्यूरोपेप्टाइड वाय हे मेंदूतील द्रव्य आणि मॉर्फिनची गोडी यांच्या संबंधावर, तर कामठीच्या श्रीमती किशोरीताई भोयर औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात ॲग्मॅटिन हे शरीरात तयार होणारे द्रव्य आणि दारू सोडताना होणारी बेचैनी यांवर काम झाले आहे. हे अभ्यास थेट रिलॅप्सवरचे नाहीत. परंतु गोडी आणि बेचैनी या रिलॅप्सच्या दोन मुळांशी ते निगडित आहेत. भारतात असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली चालतात आणि त्यांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते.

२०१८ मधील एका प्रयोगात उंदरांना दोन कळी दिल्या: एक अमली पदार्थाची, दुसरी शेजारच्या उंदराला भेटण्याचे दार उघडणारी. मेथॲम्फेटामाइन या उत्तेजक अमली पदार्थाची चटक लागलेल्या उंदरांनीही बहुतेक वेळा सोबत निवडली, आणि अशा रीतीने पदार्थापासून दूर राहिलेल्यांत ओढ वाढत गेली नाही. भेट लांबवली किंवा तिच्यासोबत झटका दिला, तेव्हा मात्र ते पुन्हा पहिल्या कळीकडे वळले.