कॉकर स्पॅनियलचा स्वभाव कुठे घडतो?

मोकळ्या मैदानात सोडलेल्या कॉकर स्पॅनियल कुत्र्याकडे पाच मिनिटं नुसतं बघत राहा. नाक जमिनीला, शेपटीला क्षणभर विसावा नाही, आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून परत डावीकडे नागमोडी चकरा चाललेल्या. पण फार लांब तो सहसा जात नाही. मधूनच थबकतो, मान वळवतो, आपलं माणूस जागेवर आहे ना ते बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या नजरेत माया असते, यात शंका नाही. पण ती नजर मुळात कामाची आहे.

हे काम इंग्लंडमधलं. झुडपांत दडून बसलेल्या वुडकॉक या पक्ष्याला उठवायचं, म्हणून नाव कॉकर. छर्ऱ्यांच्या बंदुकीचा पल्ला जेमतेम तीस-चाळीस मीटर. त्यापलीकडे जाऊन पक्षी उडवणारा कुत्रा शिकाऱ्याच्या काय कामाचा? म्हणून जवळ राहणारी, वळून बघणारी, पडलेला पक्षी दात न रुतवता आणून देणारी कुत्री पुढच्या पिढ्यांसाठी निवडली गेली. १८९० च्या दशकापर्यंत तर कॉकर आणि स्प्रिंगर असा जातीचा भेदही पक्का नव्हता. एकाच विणीतलं २५ पौंडांच्या (सुमारे ११ किलो) आतलं भावंड कॉकर ठरायचं आणि त्याहून जड भरलेलं स्प्रिंगर. आजचा इंग्लिश कॉकर साधारण १३ ते १४.५ किलोचा असतो.

एवढं वाचून वाटेल, की प्रेमळपणा जातीतच आहे, मग चांगल्या वंशावळीचं पिल्लू आणलं की झालं. इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांत अमेरिकन कॉकरही होता. पाचांतलाच आफ्रिकेतला बासेन्जी सहसा भुंकत नाही, पिल्लूपणी माणसाला बिचकतो, गळ्यात दोरी बांधली की झगडतो. कॉकर याच्या अगदी उलट. दोघांचा संकर केल्यावर पिल्लं कॉकरसारखी सहज भुंकू लागली. म्हणजे स्वभावाचे काही धागे रक्तातून येतात, हे खरंच.

पण त्याच प्रयोगशाळेतला, १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डॅनियल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी कॉकर आणि बीगलची पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाचा स्पर्श होऊ न देता वाढवली. काही पिल्लांना ठरावीक वयात फक्त एक आठवडा माणसाची संगत दिली: कुणाला दुसऱ्या आठवड्यात, कुणाला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, तर कुणाला नवव्या. काहींना चौदा आठवड्यांपर्यंत अजिबातच नाही. पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात तो एकच आठवडा मिळालेली पिल्लं पुढे माणसात मिसळली. चौदा आठवडे कोरी राहिलेली पिल्लं मात्र रानातल्या जनावरासारखी वागली. लक्षात घ्या, यांत कॉकरही होते, लाडिकपणासाठी नावाजलेले.

तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूत ‘ओळखीचं जग’ आणि ‘परकं जग’ यांची वाटणी चाललेली असते. त्या काळात भेटलेली माणसं, मुलं, मिक्सरचा आवाज, रिक्षा, पाऊस हे सगळं ओळखीच्या बाजूला जमा होतं. म्हणून पिल्लू घेताना रंग आणि कागदपत्रं बघण्याआधी विचारा: हे आतापर्यंत कुठे होतं? घरात, माणसांत, की मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यात? त्याची आई भेटेल का, आणि ती परक्या माणसाजवळ येते का? पाच आठवड्यांचं पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारत असतील, तर घेऊ नका. आठव्या आठवड्यापर्यंत ते आई-भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकत असतं.

लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, पिल्लाला घराबाहेरच काढायचं नाही, असंही आपल्याकडे सर्रास चालतं. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची, भीती रास्त आहे. रस्त्यावर, जिथे अनेक कुत्री येऊन जातात तिथे, त्याला खाली सोडू नका. पण कडेवर घेऊन बाजार दाखवा, शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा, लस घेतलेल्या शेजारच्या कुत्र्याकडे न्या. तो काळ निघून गेला की परत येत नाही.

घरात मुलं असतील तर कॉकर जीव लावतोच, पण हा हळवा कुत्रा आहे. अंगावर ओरडलं तर पिल्लू जागच्या जागी थोडं मूततं. तो हट्ट नसून शरणागती असते, आणि त्यावर शिक्षा केली तर ते वाढतं. दुसरी गोष्ट हाती लागलेली वस्तू राखण्याची. तोंडातला मोजा हिसकावून घेतला की काही कॉकर गुरगुरायला शिकतात. हिसकावू नका, बदल्यात खाऊ द्या. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९६ मध्ये कॉकर पाळणाऱ्यांकडून माहिती घेतली, तेव्हा बहुरंगी कॉकरपेक्षा एकरंगी कॉकर थोडे जास्त आक्रमक आढळले. तरी रंगावरून एखाद्या कुत्र्याचा स्वभाव सांगता येत नाही. २०२२ मध्ये १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत एकेका कुत्र्याच्या वागणुकीतल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला.

आता कान. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग आत वळते. कॉकरच्या नलिकेत मेणाच्या ग्रंथी जास्त, केस दाट, आणि वर जड पाळीचं झाकण. आतली ओल, ऊब आणि मेण यांवर मालासेझिया नावाचं यीस्ट पोसतं. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तर विचारूच नका. मान सतत झटकणं, आंबूस वास, तपकिरी मळ दिसला की डॉक्टर गाठा. घरातल्या बाळासाठी करतो तसं कोमट तेल कानात सोडू नका, कापसाच्या काड्याही नकोत. अंघोळीनंतर कान कोरडे करा, पाळीच्या आतले केस कापून घ्या आणि जेवणासाठी अरुंद तोंडाचं खोल भांडं ठेवा, म्हणजे कान आमटीभातात बुडणार नाहीत.

पावसाळा सरला की टेकडीवर कुसळं येतात. आमच्या चिंगी या कॉकरच्या कानात एका दिवाळीत कुसळ शिरलं. कुसळाची रचनाच अशी, की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. संध्याकाळपर्यंत ती मान तिरकी करून रडायला लागली, भूल देऊन ते काढावं लागलं. तेव्हापासून फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासल्याशिवाय आम्ही तिला घरात घेतलं नाही.

आणि स्वयंपाकघर. कॉकर खादाड, डोळे करुण, आपला हात सैल. कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, मग ते शिजवलेले का असेनात. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावं असं आता मानलं जातं. चिंचेतही तेच आम्ल असतं, म्हणून चिंचेची आमटी त्याच्या वाट्याला नको.

पावसात फिरणं बंद असलं तरी त्याचं नाक बेकार ठेवू नका. टॉवेलच्या घड्यांत, दाराआड, खुर्चीखाली पोळीचे तुकडे लपवा आणि त्याला शोधू द्या. वीस मिनिटांत तो दमून झोपतो. कॉकरमध्ये आनुवंशिक दृष्टीदोष आढळतात. चिंगीची नजर अकराव्या वर्षी गेली, पण हा खेळ शेवटपर्यंत चालला. ज्वारीच्या डब्यामागे ठेवलेला तुकडा ती भिंतीला न धडकता काढून आणायची.