प्लायवूड जंगलातून शेतात कसं आलं

फर्निचरचं काम काढलं की सुतार यादी देतो: अठरा एमएम प्लाय एवढे शीट, सहा एमएम एवढे, मरीन घ्यायचं की कमर्शियल ते तुम्ही बघा. दुकानात गेलं की आणखी एक प्रश्न येतो, हार्डवूड देऊ की अल्टरनेट? दुकानी भाषेत हार्डवूड म्हणजे आतले सगळे थर निलगिरीचे. अल्टरनेट म्हणजे एक थर निलगिरीचा, एक पॉप्लरचा. दोन्ही झाडं मूळची परदेशी आणि आता मुख्यतः शेतात वाढवलेली. चाळीस वर्षांपूर्वी अशाच शीटमध्ये आसाम-अरुणाचलच्या जंगलातलं होलोंग असायचं. हा बदल कोणी आखून केला असं वाटत असेल तर तसं नाही.

सुरुवात चहापासून करावी लागते. चहा आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतो, आणि जाड फळ्यांची खोकी जड; वजन वाढलं की बोटीचं भाडं वाढणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर उत्तर आलं ते बाल्टिक किनाऱ्यावरून. एस्टोनियात ल्यूथर कंपनी बर्चचं प्लायवूड बनवायची आणि लंडनची व्हेनेस्टा कंपनी त्याच्या पेट्या विकायची. शॅकल्टनने १९०७ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत सामान याच पेट्यांतून नेलं होतं. आसामच्या मळ्यांतही परदेशी पेट्या येत: पातळ पत्र्याच्या पट्ट्यांनी कडा बांधलेल्या, आतून धातूचा कागद लावलेल्या. दोन महायुद्धांच्या दरम्यान या पेट्यांचं प्लाय आसामातच बनू लागलं, आणि दुसऱ्या महायुद्धात आयात अडल्यावर धंद्याने मूळ धरलं. म्हणजे भारतात प्लायवूड आलं ते कपाटासाठी नव्हे, खोक्यासाठी.

खोक्याचं प्लाय आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखालचं प्लाय यांत खरा फरक चिकटवणाऱ्या द्रव्याचा. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून थर एकाआड एक काटकोनात ठेवायचे आणि संख्या विषम ठेवायची. इतकं साधं गणित. पण थर धरून ठेवणार कोण? आधी दुधातलं केसिन, कत्तलखान्यातलं रक्त, वनस्पतींची प्रथिनं असले सरस वापरत. दमट हवेत त्यांना बुरशी धरायची. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिशांची लाकडी ‘मॉस्किटो’ विमानं हवेतच मोडू लागली आणि नोव्हेंबरात ती काही काळ जमिनीवर बसवावी लागली. बोट आधी केसिनकडे आणि इथल्या हवेकडे गेलं. चौकशीत सांध्यांच्या ढिसाळ जुळणीवरही ठपका आला. फॉर्मल्डिहाइडपासून बनणारी रेझिनं त्याच काळात पुढे आली, आणि आजचं सगळं वर्गीकरण त्यांच्यावरच उभं आहे. युरिया रेझिनचं ते एमआर (ओलावा सोसणारं), म्हणजे आपलं कमर्शियल. फिनॉलचं ते बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं). आणि आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन, ज्याच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून बघतात. बऱ्याच शीटवर ‘७१०’ हा आकडा नुसता ठसठशीत छापलेला असतो. शेजारी आयएसआय मार्क आणि परवाना क्रमांक आहे का, ते पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

स्वातंत्र्यानंतर चहाच्या पेटीपेक्षा शहरातल्या घराची मागणी मोठी झाली. सागवान महाग होत गेलं, फ्लॅट लहान होत गेले, आणि १९५९ मध्ये फेविकॉल आल्यावर सुताराची सरस उकळण्याच्या वासापासून सुटका झाली. ऐंशीच्या दशकात तिनसुकिया, मार्गारिटा, लेडो या पट्ट्यात गिरण्यांची रांग लागली. होलोंग, मेकाई ही झाडं सरळसोट, जाड बुंध्याची. लेथवर, म्हणजे ओंडका फिरवून सोलणाऱ्या यंत्रावर, चढवली की पेन्सिल शार्पनरमधून निघावी तशी सलग पट्टी निघत राहायची. लाकूड यायचं अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतून. १९८८ च्या वननीतीत लिहिलं होतं की उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून वाढवून घ्यावा. ते कागदावर राहिलं. जंगल हाताशी असताना शेतकऱ्याच्या दारात जातो कोण?

मग आला १२ डिसेंबर १९९६. केरळातल्या निलंबूर कोविलकम या राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तक्रार निलगिरी जिल्ह्यातल्या गुडलूरच्या तोडीबद्दल होती. न्या. वर्मा आणि न्या. किरपाल यांच्या खंडपीठाने ती देशभर नेली. शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, मालकी कोणाचीही असो. केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे वनेतर काम चालणार नाही, आणि सॉ मिल व प्लायवूडचे कारखानेही त्यात आले. तिरप-चांगलांगमधल्या आणि अरुणाचलच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत आसामात असलेल्या गिरण्या ताबडतोब बंद. ईशान्येतून लाकूड बाहेर पाठवणंही, मोजके अपवाद सोडून, बंद.

जंगल तोडलं जात होतं हे खरं, आणि ते थांबायलाच हवं होतं. पण त्या गावांचं पोटच गिरण्यांवर होतं, आणि त्यांच्या पुढच्या पोटापाण्याची सोय त्या आदेशाबरोबर आली नाही.

मागणी मात्र थांबली नव्हती. धंद्याची नजर गेली हरियाणातल्या यमुनानगरकडे. ही लाकडाची जुनी पेठ. एके काळी पहाडातले ओंडके यमुनेतून वाहत इथे यायचे. आसपासच्या शेतांत पॉप्लर उभं होतं, तेही प्लायसाठी लावलेलं नव्हतं. ते आलं आगपेटीमुळे. अंबरनाथच्या कारखान्यामुळे आपल्याकडे ओळखीची असलेली विमको कंपनी काडीसाठी मऊ, पांढरं लाकूड शोधत होती. १९८४ पासून नाबार्डच्या कर्जयोजनेचा आधार घेत तिने उत्तर प्रदेशाच्या तराईत आणि पंजाब-हरियाणात शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपं दिली, सल्ला दिला, ठरल्या भावाने खरेदीची हमी दिली. सहा-आठ वर्षांत झाड तयार, आणि हिवाळ्यात पानं झडत असल्याने खाली गहू येतोच. शेतकऱ्याने लावत सुटावं असंच हे पीक होतं, आणि झालंही तसंच. काडीच्या गरजेपेक्षा लाकूड कितीतरी जास्त झालं, तेव्हा जंगल बंद झालेला प्लायवूडवाला गिऱ्हाईक म्हणून समोर उभा राहिला.

अडचण होती बुंध्याच्या जाडीची. जुन्या लेथवर ओंडका दोन्ही टोकांना पकडून फिरवतात. पकड असते तेवढा मधला गाभा सोलायचा राहून जातो. होलोंगमध्ये ते नुकसान किरकोळ, सात वर्षांच्या पॉप्लरमध्ये परवडणारं नाही. स्पिंडललेस लेथने हे सोडवलं. त्यात टोकं पकडतच नाहीत, रूळ ओंडक्याला बाहेरून दाबून फिरवतात आणि पातं आत सरकत जातं. शेवटी इंच-दीड इंचाची काठी उरते. या साध्या, स्वस्त यंत्राचं नाव धंद्याबाहेर फारसं कोणी घेत नाही, पण ते नसतं तर आदेशानंतर हा उद्योग आयातीवरच गेला असता असं माझं मत. सोललेले ओले पापुद्रे यमुनानगरच्या आसपास मैदानांत उन्हात पसरून वाळवतात. धुक्याच्या दिवसांत काम रखडतं. बाजारात पॉप्लर क्विंटलवर विकलं जातं आणि घेरावरून त्याच्या तीन प्रती ठरतात: ओव्हर, अंडर आणि सोकता. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भाव असा कोसळला की अनेकांनी झाडं काढून टाकली. पुढे लाकूड कमी पडलं, भाव चढला, पुन्हा लागवड. दक्षिणेत केरळच्या पेरुंबावूरने हेच रबराच्या जुन्या झाडांवर केलं.

परवान्यांचा घोळ बराच काळ चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशाने, त्यानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या संमतीशिवाय नवी गिरणी उघडणं बंद झालं. २०१५ मध्ये न्यायालयाने हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे दिला, आणि २०१६ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली.

एका थरापुरतं मात्र प्लाय अजून जंगलातलंच आहे: वरचा फेस, मिलिमीटरभरही जाड नसलेला. दुकानात ‘गर्जन फेस’ म्हणून मिरवतात तो हा. गर्जन या झाडाचं लाकूड यायचं ब्रह्मदेशातून. तिथे १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद झाली. भारतीय कंपन्यांनी आधी तिथेच पापुद्रे काढायचे कारखाने टाकले, मग काहींनी आफ्रिकेत गॅबॉन गाठलं. गॅबॉननेही २०१० मध्येच ओंडके बाहेर देणं थांबवलं होतं, त्यामुळे तिथलं ओकूमे नावाचं लाकूड सोलूनच आणावं लागतं. ओकूमे फिकट गुलाबी, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं की चांगलं प्लाय लाल असतं. म्हणून फेसला लाल रंग देऊन शीट बाजारात येतात.