क्लाउड ईआरपी : स्वरूप आणि अवलंब

खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशेब आणि पगार ही सर्व कामे एकाच डेटाबेसवर चालवणारी, सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या सर्व्हरवर राहणारी आणि इंटरनेटवरून ब्राउझरमधून वापरली जाणारी व्यवसाय व्यवस्थापन प्रणाली (ईआरपी म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग). परवाना एकदाच विकत घेण्याऐवजी मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागते. सर्व्हर, बॅकअप आणि नव्या आवृत्त्या पुरवठादार सांभाळतो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील लघु व मध्यम उत्पादन उद्योग प्रामुख्याने विचारात घेतले आहेत.

उगम : ईआरपीची वंशावळ बरीचशी निर्विवाद आहे. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६४ च्या सुमारास अमेरिकेत सामग्री-गरज नियोजनाची, म्हणजे कोणता माल किती व केव्हा लागेल हे ठरवण्याची, पद्धत मांडली. ऑलिव्हर वाइट यांनी तिला यंत्रक्षमता आणि पैशाचा हिशेब जोडला. गार्टनर या संशोधन व सल्लागार संस्थेने १९९० च्या आसपास ‘ईआरपी’ ही संज्ञा रूढ केली. जर्मनीत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची आर/३ ही ईआरपी प्रणाली १९९२ मध्ये आली.

वाद आहे तो क्लाउड या अंगाविषयी. एका मतानुसार त्याचा उगम १९६० च्या दशकातील टाइम-शेअरिंगमध्ये, म्हणजे एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्यात, आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील भाषणात, टेलिफोनप्रमाणे संगणनही सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे सुचवले होते. त्याच काळात दुसऱ्या संस्थांचे पगारपत्रक आपल्या संगणकावर करून देणारे ब्यूरोही चालत. दुसरे मत १९९० च्या दशकाअखेरीच्या ॲप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडरांना, म्हणजे इंटरनेटवरून सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना, मान देते. मात्र त्यांच्याकडे सामान्यतः प्रत्येक ग्राहकासाठी सॉफ्टवेअरची वेगळी प्रत चालवावी लागे, त्यामुळे खर्च फारसा उतरला नाही. तिसऱ्या मतानुसार एकाच प्रतीवर अनेक ग्राहक ठेवून प्रत्येकाचा डेटा वेगळा राखण्याची रचना हाच खरा आरंभ होय. या मताचे अभ्यासक १९९८ मधील नेटलेजर (पुढे नेटस्वीट) आणि १९९९ मधील सेल्सफोर्स यांच्याकडे बोट दाखवतात. यांपैकी सेल्सफोर्सचा भर ग्राहकसंबंधांवर होता आणि नेटलेजरची सुरुवात केवळ हिशेबापासून झाली, म्हणून ‘पहिली क्लाउड ईआरपी’ हा मान नेमक्या वर्षाला देणे कठीण आहे. तरीही रचनेवर आधारलेले हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०११ मध्ये दिलेल्या क्लाउडच्या व्याख्येतही सामायिक साधने आणि मोजून दिलेली सेवा ही आवश्यक लक्षणे आहेत. त्या कसोटीवर, डेस्कटॉपचे हिशेब सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर चढवून दुरून वापरणे हे क्लाउड ईआरपीत बसत नाही. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात, त्यामुळे खरेदीपूर्वी हा फरक विचारून घ्यावा.

भारतात : हिशेबाचे संगणकीकरण टॅली या सॉफ्टवेअरने (१९८६) छोट्या व्यापाऱ्यापर्यंत नेले. झोहो आणि मुंबईत विकसित झालेली मुक्तस्रोत ईआरपीनेक्स्ट या नंतरच्या देशी प्रणाली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आणि १ ऑक्टोबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागू झाल्यावर या प्रणालींची गरज वाढली. ई-इन्व्हॉइसची उलाढाल मर्यादा ५०० कोटींपासून उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. कंपन्यांसाठी आणखी दोन बंधने आहेत. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची, बंद न करता येणारी नोंद राहिली पाहिजे. आणि वह्यांचा बॅकअप दररोज भारतातील सर्व्हरवर गेला पाहिजे. सर्व्हर परदेशात असल्यास ही दुसरी अट कशी पाळली जाते, ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

अवलंबाचे नियोजन : प्रणाली फसते ती बहुतेक वेळा मास्टरमध्ये, म्हणजे वस्तू, ग्राहक आणि पुरवठादार यांच्या मूळ याद्यांमध्ये. एकच बेअरिंग स्टोअरमध्ये एका नावाने, खरेदीत दुसऱ्या नावाने आणि बिलावर तिसऱ्या नावाने असेल, तर साठा तीन ठिकाणी विभागला जातो आणि घरात असलेला माल पुन्हा मागवला जातो. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधीच यादी साफ करून प्रत्येक वस्तूला एक कोड, एक एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठीचा वस्तूवर्गाचा क्रमांक) आणि एक मूळ एकक ठरवावे.

एककाचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पोलादी गोल सळई किलोवर येते आणि यंत्रावर नगावर जाते. तिचे मीटरमागे वजन व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गाला १६२ ने भागून काढतात. त्यानुसार २५ मिमीची सळई मीटरला सुमारे ३.८६ किलो भरते आणि ६ मीटरची सळई २३.१५ किलो. तिच्यातून १२० मिमीचे तुकडे कागदावर ५० निघतात. करवतीचे पाते दर कापाला ३ मिमी खात असेल, तर प्रत्यक्षात ४८ निघतात आणि ९६ मिमीचा शेवट भंगारात जातो. बिल ऑफ मटेरिअलमध्ये (उत्पादनाला लागणाऱ्या मालाच्या यादीत) ५० लिहिले, तर दर सळईमागे दोन तुकड्यांची तूट साचत जाते आणि वर्षअखेरीस स्टोअरकीपरवर संशय येतो. दोष त्याचा नसतो, मांडणीचा असतो.

जॉबवर्क, म्हणजे आपल्या मालावर बाहेरच्याकडून करून घेतलेले काम, हे दुसरे नाजूक ठिकाण. प्लेटिंग किंवा उष्णता-प्रक्रियेसाठी चलनावर बाहेर गेलेला कच्चा माल जीएसटी कायद्यानुसार एका वर्षात परत यावा लागतो, अन्यथा तो पाठवल्या दिवशीच पुरवठा झाल्याचे मानले जाते. म्हणून प्रत्येक जॉबवर्करसाठी प्रणालीत वेगळे गोदाम उघडावे आणि आरंभीच्या शिल्लकेत बाहेरचा माल चलनवार भरावा.

जुन्या वर्षांचे सगळे व्यवहार नव्या प्रणालीत ओतण्याचा मोह टाळावा. न फिटलेली बिले बिलवार, अपुऱ्या खरेदी-विक्री ऑर्डरी, मोजलेला साठा आणि खात्यांच्या शिल्लका एवढे पुरते. आरंभीच्या नोंदी एका तात्पुरत्या खात्याविरुद्ध टाकतात. सर्व भरून झाल्यावर त्या खात्याची शिल्लक शून्य न आल्यास काहीतरी राहिले आहे किंवा दोनदा आले आहे. बदल पूर्ण झाल्यावर जुने सॉफ्टवेअर केवळ पाहण्यासाठी ठेवावे, कारण कंपन्यांना वह्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात.

सुरुवातीसाठी १ एप्रिल सोयीचा भासतो, पण मार्चअखेरच्या घाईत हिशेबाची माणसे मोकळी नसतात. १ जुलै किंवा १ ऑक्टोबर अधिक बरा. वर्षाच्या मध्यात बदलताना बिलांची मालिका वेगळी घ्यावी. जीएसटीत बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. कंपनी, दस्तऐवज, वर्ष आणि अंक जोडून बनलेली तयार मालिका ही मर्यादा सहज ओलांडते, आणि मग पहिल्याच दिवशी ई-इन्व्हॉइस अडते. साठ्याची मोजणी यंत्रे बंद असताना करावी. पिंपरी-चिंचवड, भोसरी भागात गुरुवारची औद्योगिक सुट्टी त्यासाठी उपयोगी पडते. त्यानंतर एक पूर्ण महिना दोन्ही प्रणाली समांतर चालवून विक्री, जीएसटी आणि साठा यांचे आकडे जुळवावेत. ऋण साठ्याला (शिल्लक शून्याखाली जाण्याला) परवानगी देणारी सोय पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी.

गेट आणि स्टोअर येथे इंटरनेट खंडित झाल्यास माल अडतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, आपोआप बदलणारा राउटर आणि त्याला यूपीएस ही किमान तयारी होय. गेटवर छापील चलनपुस्तकही असावे.

सेवा क्षेत्रात साठ्याचा भाग गळतो आणि काम बरेच सोपे होते.

करार : ९९.९ टक्के उपलब्धतेचे आश्वासन महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा देते, तर ९९.५ टक्के म्हणजे साडेतीन तासांहून अधिक. वर्गणीची तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करावी आणि त्यात माणशी दर, साठवण, प्रशिक्षण व बदलांचे शुल्क धरावे. करार संपल्यावर डेटा कोणत्या रूपात आणि किती दिवसांत मिळेल, हे कलम सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. केवळ पीडीएफ मिळून उपयोग नाही. खाती, व्यवहार आणि जोडलेले दस्तऐवज परस्परसंबंधासह टेबल स्वरूपात हवेत. असा संपूर्ण उतारा तिमाहीला एकदा काढून वेगळ्या संगणकावर उघडून पाहावा.