तेरा अंशांतला कोंब

भाताच्या बाळरोपांना ऊब लागते. 25 ते 35 अंश सेल्सिअसला ती भराभर वाढतात. पारा 15 च्या खाली उतरला की बहुतेक वाणांची रोपं जागच्या जागी थांबतात, पिवळी पडतात. एखादं वाण थंडी किती सोसतं हे पेरणीआधीच कळावं, म्हणून प्रयोगशाळेत त्याची परीक्षा घेतात.

एका नेहमीच्या पद्धतीत एकाच वाणाच्या बियांचे दोन वाटे करतात. एक वाटा अंधारात 28 अंशांना 7 दिवस, दुसरा अंधारातच 13 अंशांना 28 दिवस. मग कोंबाला जपणारं पांढरं म्यान मोजपट्टीनं मोजायचं. पण थंडीत कोणाचा कोंब लांब निघाला एवढंच पाहिलं तर फसायला होतं. समजा, एका वाणाचा कोंब उबेत 40 मिलिमीटर आणि थंडीत 10 भरला. दुसऱ्याचा उबेत 20 आणि थंडीत 8. थंडीतला लांब कोंब पहिल्याचा, पण त्याची वाढ 75 टक्के घटली, दुसऱ्याची 60. थंडीला कमी दबलं ते दुसरं. वाणाची तुलना आधी त्याच्याशीच करायची, ही या चाचणीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

बियाणं मात्र एकाच हंगामातलं आणि सारखं साठवलेलं हवं. जुनं बी मुळातच सावकाश रुजतं आणि दोष उगाच वाणावर जातो.

थंडीत चांगलं रुजलेलं वाण पुढे तीन पानांवर आल्यावरही तग धरेलच असं नाही. म्हणून रोपांची परीक्षा वेगळी: काही दिवस 10 अंशांच्या आसपास ठेवून ती पुन्हा उबेत आणतात. खरा निकाल इथे लागतो. थंडीत नुसती मलूल दिसणारी रोपं बऱ्याचदा उबेत आल्यावर वाळतात. गारठ्यानं पेशींची पटलं ताठरतात, गळू लागतात; मुळं पाणी नीट ओढत नाहीत, पानातून मात्र ते उडत राहतं. ही गळती मोजताही येते. पानाचे तुकडे शुद्ध पाण्यात ठेवायचे. क्षार जितके बाहेर झिरपतील तितका त्या पाण्यातून विजेचा प्रवाह सहज वाहतो. डोळ्यांनी पाहून गुण द्यायचे तर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची 1 ते 9 ही श्रेणी आहे. 1 म्हणजे हिरवंगार रोप, 9 म्हणजे मेलेलं किंवा मरणाला टेकलेलं.

भाताचे दोन मोठे गट, जॅपोनिका आणि इंडिका. जॅपोनिका गटातले भात सहसा इंडिका गटातल्यांपेक्षा थंडीला काटक. यामागचं एक कारण 2015 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं. ‘कोल्ड-1’ नावाच्या जनुकात, म्हणजे त्याच्या डीएनएच्या मजकुरात, एका अक्षराच्या फरकामुळे जॅपोनिकाच्या पेशींना थंडीची चाहूल चांगली लागते. पेशीत कॅल्शियमचा इशारा उठतो आणि बचावाची तयारी सुरू होते. पण थंडी सोसण्यात अनेक जनुकांचा वाटा असतो. त्यामुळे हे अक्षर सापडलं तरी ते रोप थंड कपाटात ठेवावंच लागतं.

त्या कपाटात एक तापमापक ट्रेमधल्या पाण्यातही बुडवलेला असावा. कोवळ्या रोपाचा वाढता शेंडा पानांच्या टोकाला नसतो, तो बुडाशी, पाण्याखाली असतो. त्याला लागते ती थंडी पाण्याची.